अक्कांनी कप्तानाला बसवलं तो दिवस

मलकपेठेतल्या आमच्या मैदानावर रविवारी सकाळी कुणीतरी फक्की ओढत होतं. पाणी मारलेली लाल माती अजून ओलसर होती, आणि तिच्यावर पडणाऱ्या त्या पांढऱ्या भुकटीचा कोरडा, किंचित झोंबरा वास रस्त्यापर्यंत येत होता. फिरायला निघालेला मी कठड्याशी थांबलो. शहरात आता मोठी हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळतात. तिथे रेषा कायमच्या आखलेल्या असतात. आमच्याकडे अजून दर सामन्याला नव्याने आखाव्या लागतात. त्या वासाने मला पस्तीसेक वर्षं मागे नेलं, आणि खरं सांगायचं तर मी मुळीच विरोध केला नाही.

आमचा क्लब काही नावाजलेला नव्हता. पिढ्यानपिढ्या सरकारी नोकरीत, शाळांत आणि कोर्टकचेऱ्यांत असलेल्या मराठी घरांतल्या काही हौशी मंडळींनी तो सुरू केला होता. सकाळी तासभर खेळायचं, घाम पुसायचा आणि कचेरी गाठायची, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा. पुढे वस्ती वाढली तसा क्लबही वाढला. तेलुगू शेजारी आले, अफझलगंजातल्या कापडाच्या दुकानातला आमचा गोली, म्हणजे गोलरक्षक, आला, आणि मैदानावर आमची अशी एक भाषा तयार झाली, की ‘पास दे की रे’, ‘नक्को मियाँ, पीछे देखो’ आणि तेलुगूतलं ‘रा, रा’, म्हणजे ‘ये, ये’, हे एकाच माणसाच्या तोंडून एकाच दमात बाहेर पडायचं. जिंकणं तेवढं कुणाला जमलं नव्हतं. कपाटात एकुलता एक चषक होता, तोही खिलाडूवृत्तीबद्दल मिळालेला.

अशात आमचे जुने प्रशिक्षक मुलाकडे नागपूरला कायमचे राहायला गेले. क्लबातल्या ज्येष्ठांनी बैठक बोलावली आणि जड आवाजात सांगितलं, की एवढा हंगाम खेळा. पुढच्या वर्षी आपण शेजारच्या मोठ्या क्लबात सामील होऊ. म्हणजे नाव त्यांचं, रंग त्यांचा, आणि आमच्यातले दोघे-चौघे त्यांना चालले तर चालले. तेव्हा मागून एका बाईचा आवाज आला, “हंगाम आहे ना अजून? मग मी शिकवते.”

त्या आमच्या कप्तानाच्या थोरल्या बहीण. सगळे त्यांना अक्काच म्हणत. एका शाळेत गणित शिकवायच्या. कॉलेजात असताना त्या हॉकी खेळायच्या. पुढे गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. भावाच्या हातात पहिली स्टिक त्यांनीच दिली होती. ज्येष्ठ एकमेकांकडे बघत राहिले, पण दुसरं कुणी पुढे येत नव्हतं, म्हणून अक्का आल्या.

रोज पहाटे साडी खोचून, हातात लोखंडी घडीची खुर्ची घेऊन त्या मैदानावर यायच्या. त्यांचा नियम एकच होता. “तीनदा स्टिकला चेंडू लागला, की तो तुमचा नाही, दुसऱ्याचा. अडवा, सावरा, द्या.” आम्हाला सवय होती लांब फटके मारून मागे धावत सुटण्याची. खड्ड्याखड्ड्यांच्या त्या मैदानावर छोटे छोटे पास देताना आधी आमची फटफजिती झाली. पहिले दोन सामने हरलो. कडेने कुणीतरी हमखास ओरडायचं, “क्या मियाँ, मास्टरनी की क्लास है क्या आज?” आमचा गोली तेवढ्याच जोरात उत्तर द्यायचा, “हौ, तुम बी आ जाओ, पहाडे सीख लेते!” पण तिसऱ्या सामन्यापासून काहीतरी जुळलं. चेंडू जणू आम्हाला शोधत यायला लागला. एकेक संघ मागे पडला आणि, आजही सांगताना अंगावर काटा येतो, आम्ही अंतिम सामन्यात पोचलो.

मी, म्हणजे राखीव खेळाडू. कचेरीत कारकून आणि संघात बारावा, दोन्हीकडे माझ्यावाचून अडायचं नाही. आमचा कप्तान मात्र हिरा होता. चेंडू त्याच्या स्टिकला चिकटला की तीन-तीन माणसं चकवून तो पुढे निघायचा, आणि लोक खास त्याला बघायला यायचे. अक्कांच्या नियमाचा त्याला मनातून कंटाळा होता.

अंतिम सामना नामपल्लीच्या बाजूला एका मैदानावर होता. समोर एका सरकारी खात्याचा तगडा संघ. गर्दी पाहून कप्तानाचं रक्त सळसळलं असावं. चार वेळा त्याने एकट्याने मुसंडी मारली आणि चारही वेळा चेंडू गमावला. चौथ्या वेळी त्यांनी तोच चेंडू उचलून थेट आमच्या गोलात घातला.

मध्यंतराला आम्ही अक्कांच्या खुर्चीभोवती जमलो. त्यांनी भावाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, “तू बस आता.”

त्याला आधी कळलंच नाही. “अक्का, फायनल आहे.”

“म्हणूनच.”

“लोक काय म्हणतील?”

“ते नंतर बघू. बस.” मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “तू ये.”

गोली पुटपुटला, “अक्का, कप्तान कू निकालना?” त्यांनी कप्तानाच्या दंडावरची पट्टी सोडून गोलीच्याच दंडाला बांधली. कप्तान स्टिक मातीत आपटून पाठ फिरवून बसला. अक्कांचा चेहरा स्थिर होता, पण पदराचं टोक त्यांनी मुठीत इतकं घट्ट आवळलं होतं, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. ते मी पाहिलं आणि मला वाटलं, या बाईने माझ्या भरवशावर केवढं पणाला लावलंय!

पहिलाच चेंडू माझ्या स्टिकखालून निसटला. गर्दी हसली. दुसरा मी अडवला, सावरला, दिला. तिसराही. मग हसणं थांबलं. आम्ही विणल्यासारखे पुढे सरकत होतो, त्यांची दमछाक होत होती, आणि एका पेनल्टी कॉर्नरवर आमच्या फुलबॅकने गोल करून बरोबरी साधली.

शेवटची काही मिनिटं उरली असतील. चेंडू माझ्याकडे आला तेव्हा मी गोलासमोरच्या ‘डी’मध्ये होतो. समोर त्यांचा गोली, दोन बचावपटू, आणि माझ्या डोक्यात एकच विचार: मार! स्टिक उचलली तोच कडेवरून आरोळी आली, “उजवीकडे! उजवीकडे बघ रे!” आवाज कप्तानाचा होता. तो केव्हा उठून रेषेशी आला होता कोण जाणे. मी न बघताच चेंडू उजवीकडे ढकलला. तिथे आमचा विंगर एकटा, मोकळा उभा होता. फळीवर चेंडू आदळल्याचा तो ठक्क आवाज! दोन-एक!

शिट्टी वाजली तेव्हा सगळ्यात आधी मैदानात धावत आला तो कप्तान. त्याने मला उचललं, खाली टाकलं, आणि बहिणीसमोर जाऊन उभा राहिला. धापा टाकत म्हणाला, “अक्का, बाहेर बसल्यावर मैदान केवढं मोठं दिसतं गं!” त्यांनी फक्त त्याच्या केसांतली माती झटकली. आम्ही त्यांना खांद्यावर घ्यायला गेलो तर “गुडघा, गुडघा!” म्हणून ओरडायला लागल्या, मग त्यांना खुर्चीसकटच उचललं. आमचा टेम्पो अफझलगंजात पोचला तेव्हा गोलीच्या गल्लीतले मरफावाले ढोल-ताशे घेऊन रस्त्यातच उभे होते. त्या दणदणाटात, ऐन संध्याकाळच्या गर्दीत, वाहतूक अडवून आम्ही नाचलो. आमच्यात सगळ्यात बेभान नाचले ते बैठकीत जड आवाजात बोललेले ज्येष्ठ. सामील होण्याची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

अक्कांनी पुढे पुष्कळ वर्षं संघ घडवले, मग कप्तानाने. पोरं त्याला म्हणतात, तुम्हाला खेळताना बघायला हवं होतं. तो म्हणतो, मला बसलेलं बघायला हवं होतं.

मध्यंतरी अक्कांना भेटलो तेव्हा इतक्या वर्षांचा प्रश्न विचारून टाकला. “आपण हरलो असतो तर?”

“तरी त्याला बसवलंच असतं,” त्या म्हणाल्या. “मग तुम्ही मला बसवलं असतं, एवढंच.”

त्या संघातले काही पांगले, दोघे-तिघे आता नाहीत. आज आमच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलामुलींना त्या सामन्याविषयी ठाऊक नाही. कित्येकांना क्लबचा मराठी फलकही धड वाचता येत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. फलक आहे, त्याखाली ती खेळताहेत, भांडताहेत, जिंकताहेत. पुढे मलाही बढत्या मिळाल्या, घर झालं, लोक साहेब म्हणायला लागले. पण हातातली गोष्ट नेमक्या वेळी सोडावी आणि ती नेमक्या माणसापाशी पोचावी, असं माझ्या हातून त्या एकाच दुपारी घडलं. मला ते पुरलं आहे.