उमाया

गोविंददादा गेल्याचा निरोप मला अक्कलकुव्याला एस.टी.च्या कंडक्टरनं दिला. त्याला महिना होऊन गेला. दादा माझा थोरला चुलतभाऊ, तापीकाठच्या आमच्या गावात कापूस करणारा. पण आसपासच्या गावांत त्याची ओळख एकच, बहिणीच्या पाठवणीत हसलेला भाऊ.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. त्याची धाकटी बहीण सकूआक्का सासरी जायला बैलांच्या दमणीत बसली, सगळा मांडव रडत होता आणि दादा एकाएकी मोठ्यानं हसला. थांबेचना. “हाऊ आम्हनी थट्टा करस का?” नवऱ्याच्या मामांनी विचारलं. काकांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. पुढे सासरी आक्काला ऐकावं लागलं, तू गयी म्हनीसन तुन्हा भाऊ हसना. ते कानावर आलं तसा दादा लग्नकार्यात दिसेनासा झाला. मांडवात पाणी भरून द्यायचा आणि पंगतीआधी शेतात निघून जायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी आणायला भाऊ जातो; दादा मला पाठवायचा. “तिले तोंड कसं दखाडू?” म्हणायचा.

एकदा येताना वाटेत मी आक्काला विचारलंच, तुला राग नाही आला? ती म्हणाली, “तो हसना नही रे रघू. त्याले उमाया उना. माय गयी तवयबी असाच हसना व्हता.” उमाया म्हणजे उमाळा. शाळेत मी त्याचा अर्थ ‘दुःखाचा कढ’ असा पाठ केला होता. पण तापीच्या वाळूत झिरा खोदल्यावर खालून पाणी वर येतं, त्यालाही आमच्या घरी उमायाच म्हणत. बहीण चांगल्या घरी पडली आणि आपलं घर रिकामं झालं, हे दोन्ही दादाला एकदमच दाटून आलं होतं.

मी त्याला हे सांगितलं. खाली मान घालून त्यानं ऐकलं आणि पुढच्या आखाजीला माझ्यासोबत स्वतः आला. आक्काच्या सासरी ओट्याखाली चपला काढून उभा राहिला, वर बघेना. आक्का बाहेर आली, त्याला पाहिलं आणि सासूदेखत तीच आधी हसली. हसता हसता डोळे पुसू लागली. मग दादालाही आवरेना. सासूबाई दोघांकडे बघत राहिल्या, मग पाणी आणायला आत गेल्या.

त्यानंतर तो लग्नांना जाऊ लागला. आता दादाच्या दहाव्याला आक्कानं खुंटीवरचा त्याचा टुवाल काढला. एक टोक पार विरून गेलं होतं. प्रत्येक पाठवणीत तो ते तोंडात कोंबून उभा राहायचा, वहिनींनी सांगितलं. आक्का ते टोक मुठीत धरून खाली बसली. “माले वाटनं, त्यानी लाज गयी...” एवढंच म्हणाली.

टुवाल ती घेऊन गेली. अजून धुतलेला नाही म्हणे.