बहिणीचा व्हिसा

माझी दोन्ही मुलं युरोपात होती आणि तीन वर्षं एकमेकांना भेटली नव्हती. राहुरीत हे कुणाला सांगितलं की समोरच्याला पटायचं नाही. मुलगी जर्मनीत, मुलगा आयर्लंडमध्ये, विमानाने जेमतेम दोन तास. एवढ्या वेळात आमच्याकडून पुण्याला पोचणं होत नाही. "काही भांडणबिंडण आहे का गं त्यांचं?" असं एका शेजारणीने सरळ विचारलं होतं. मी हसून नाही म्हटलं, पण तीच शंका माझ्याही मनात होती.

मुलगा थोरला. डेअरीचा डिप्लोमा केला, इथल्या एका दूध संघात चार वर्षं काढली आणि मग आयर्लंडमधल्या एका गोठ्यावर कामाला गेला. दीडशे गायी, मालक आणि मालकीण दोघंही साठीच्या पुढचे, आणि हा. मुलगी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. नर्सिंग करून जर्मनीच्या दक्षिणेला एका छोट्या गावात वृद्धांच्या निवासात नोकरी करते. दोघांचे फोन रोज यायचे, पण वेगवेगळे.

मुलाला अपघात झाला त्याच्या आधीच्या दिवाळीत मी मुलीला फार लागेल असं बोलले. ती म्हणत होती, "आई, माझं इथलं राहायच्या परवान्याचं कार्ड फ्रान्सला चालतं, इटलीला चालतं, ऑस्ट्रियाला तर मी सुट्टीच्या दिवशी भाजी आणायला जाते. दादाच्या देशात ते चालत नाही. एकाच कार्डावर फिरता येतं त्या देशांच्या गटात तो नाहीच."

"युरोपातच आहे ना?"

"आहे गं. पण तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो. आणि दादाला इकडे यायचं तर त्याला इकडचा वेगळा."

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. युरोपचा नकाशा कितीदा फळ्यावर टांगला असेल. मला ते पटेना. मी म्हटलं, "सख्खा भाऊ दोन तासांवर आहे आणि तुला कागदांची कारणं सुचतात. तुला जायचंच नाही." ती म्हणाली, "ठेवते, ड्यूटी आहे."

त्यानंतर चार महिन्यांनी, एका सोमवारी दुपारी तिचाच फोन आला. काहीतरी वाईट झालंय हे तिच्या आवाजावरून कळलं. तिथे शेतात फिरायला चार जाड चाकांची मोटारसायकल वापरतात. मुलगा सकाळी गायी वळवायला ती घेऊन चढावर गेला होता. ओल्या गवतावरून गाडी घसरली आणि त्याच्यावर उलटली. डोक्याला मार लागला होता. त्याला हेलिकॉप्टरने मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं होतं आणि तो शुद्धीवर नव्हता. मालकिणीकडे मुलीचा नंबर होता, म्हणून आधी तिला कळलं.

"मी निघालेच आहे विमानतळावर," ती म्हणाली. "सांगेन त्यांना. माणसंच आहेत ती, समजून घेतील."

माझ्या यजमानांनी फोन हातात घेतला आणि एवढंच म्हणाले, "बेटा, तू नर्स आहेस. तू जाशील तर आम्हाला खरं काय ते कळेल." आमच्या दोघांकडे पासपोर्टच नव्हते. मुलं गेली तेव्हा आपण कुठे जाणार म्हणून आम्ही ते काढलेच नाहीत. म्हणजे त्याच्यापाशी पोचू शकेल असं रक्ताचं माणूस जगात एकच होतं.

तिला विमानात बसू दिलं नाही. काउंटरवरच्या बाईने तिचं जर्मनीचं कार्ड बघितलं, पासपोर्ट उलटसुलट चाळला आणि विचारलं, आयर्लंडचा व्हिसा कुठे आहे? मुलीने मालकिणीचा मेसेज दाखवला, इस्पितळातला फोटो दाखवला. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. तिने वरिष्ठांना बोलावलं. त्यांनीही ऐकून घेतलं आणि तेच सांगितलं: व्हिसा नसताना तुम्हाला नेलं तर तिथून परत पाठवतील. मुलगी तिथल्या बाकावर दोन तास बसून राहिली आणि मग घरी गेली.

मला आजही वाटतं, कुणी तिच्याशी वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं. राग काढायला कुणीतरी मिळालं असतं.

मंगळवारी तिने ऑनलाइन अर्ज भरला. त्याची प्रत, सही, फोटो, पासपोर्ट, नोकरीच्या ठिकाणचं पत्र, जर्मनीत राहायच्या परवान्याची नक्कल, इस्पितळाचं पत्र, मालकिणीचं पत्र. हे सगळं घेऊन तिला जर्मनीच्या राजधानीतल्या आयर्लंडच्या वकिलातीत जायचं होतं, रेल्वेने पाच तास. यादीत आणखी एक गोष्ट होती: रुग्णाशी नातं सिद्ध करणारा पुरावा. तिचा जन्मदाखला होता, ती राहुरीच्याच दवाखान्यात जन्मलेली. त्याचा नव्हता. म्हणजे दाखला होता, पण त्यावर नुसतं 'पुरुष' असं लिहिलेलं. तो पहिलटकरणीचा म्हणून माझ्या माहेरी झाला, कर्जत तालुक्यातल्या एका लहान गावात. सुईणीच्या हातचं बाळंतपण. माझ्या वडिलांनी ग्रामपंचायतीत नोंद केली तेव्हा बारसं व्हायचं होतं. नावाचा रकाना तसाच राहिला. पुढे शाळेच्या दाखल्यावर त्याचं सगळं झालं, पासपोर्टसुद्धा, आणि त्या रकान्याची कुणाला आठवण झाली नाही.

"पासपोर्टच्या शेवटच्या पानावर दोघांच्याही आईवडिलांची नावं आहेत, तेही लावते मी," मुलगी म्हणाली. "पण आई, एका कागदासाठी त्यांनी अर्ज बाजूला ठेवला तर?"

म्हणून बुधवारी पहाटेच मी निघाले. यजमान घरी थांबले. तिला लागतील ते कागद स्कॅन करून पाठवायचं काम त्यांच्याकडे होतं. नगरपर्यंत एक एसटी, नगरहून कर्जतची दुसरी, आणि तिथून जीप. मिरजगावच्या फाट्यावर गाडी थांबली, लोक खाली उतरून चहा प्यायला लागले. मला त्यांचं चहा पिणं सहन होईना. तो कंडक्टर किती सावकाश तिकिटं फाडत होता! मी पिशवीत हात घालून त्याचा शाळा सोडल्याचा दाखला पुन्हापुन्हा चाचपत होते.

माहेरी आता आमचं कुणी राहत नाही. ग्रामपंचायतीची इमारत नवी झाली आहे. ग्रामसेवक पस्तिशीचा असेल. मी सगळं सांगितलं. त्याने उठून लोखंडी कपाट उघडलं आणि जुनी रजिस्टरं टेबलावर काढली. शिपाईबाई म्हणाली, "बसा मावशी, पानी घ्या. घावंल आत्ता. हितलं रजिस्टर कुटं जात न्हाई."

तासाभराने ते पान सापडलं. वडिलांची सही होती, वाकडीतिकडी. माझं नाव, यजमानांचं नाव, आणि त्याच्या वरचा रकाना कोरा. ग्रामसेवकाने अर्ज लिहून घेतला, माझं आधार बघितलं, पेनचं टोपण काढलं आणि नेहमीच्या सवयीने म्हणाला, "बाळाचं नाव सांगा."

मला नाव सांगता येईना. शेवटी मी शाळेचा दाखला त्याच्यापुढे सरकवला. त्याने त्यावरून एकेक अक्षर बघून लिहिलं. माझ्या डोळ्यांसमोर, तेहतीस वर्षांनी, माझ्या मुलाचं नाव जन्माच्या नोंदीत लागलं.

दाखला संगणकावर तयार होत असतानाच माझा फोन वाजला. आयर्लंडहून मालकीण बोलत होती. माझं इंग्रजी शाळेपुरतं, तिचे उच्चार निराळे. पण ती अगदी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलली. ती त्याच्या खाटेजवळ होती. डॉक्टर म्हणतात, ऐकू येत असेलही. मी फोन त्याच्या कानाला लावते. तुम्ही बोला.

मी ग्रामसेवकाकडे बघितलं. त्याला काय समजलं कोण जाणे, तो खुर्चीवरून उठला, शिपाईबाईला खुणावलं आणि दोघं बाहेर गेली. जाताना त्याने दार ओढून घेतलं.

काय बोलायचं असतं अशा वेळी? मी म्हणाले, "अरे, मी कुठे आहे ओळख. तुझ्या आजोळी आहे. चिंचेचं झाड पाडलंय त्यांनी, रस्ता केलाय." मग म्हणाले, "बाबा बरे आहेत. बाबांच्या गुडघ्याला तू पाठवलेला पट्टा लावतात रोज." मग म्हणाले, "तुझी बहीण येतेय तुझ्याकडे. आज गेली आहे कागद द्यायला. ती येईपर्यंत थांब." तिकडून फक्त यंत्राचा आवाज येत होता, ठरावीक अंतराने. नंतर मालकीण म्हणाली, "थँक यू," जणू मीच तिच्यावर उपकार केले होते.

दाखला मोबाईलवरून मुलीला गेला तेव्हा ती वकिलातीतून बाहेर पडली होती. खिडकीतल्या माणसाने पासपोर्टची शेवटची पानं बघून, हे पुरेसं आहे, असं सांगितलं होतं. माझा कागद लागलाच नाही.

गुरुवारी काही झालं नाही. त्या दिवसाबद्दल मला एवढंच सांगता येतं की यजमान दिवसभर अंगणातल्या झाडांना पाणी घालत होते, घातलेल्यालाच पुन्हा. मुलगी राजधानीतच कुणा ओळखीच्या नर्सच्या खोलीवर थांबली होती. दर तासाला मी विचारायची, "आलं का काही?" आणि ती म्हणायची, "नाही."

शुक्रवारी सकाळी वकिलातीतून तिला फोन आला. चार दिवसांत व्हिसा झाला होता. एरवी याला कित्येक आठवडे लागतात, त्यांनी सगळी कामं बाजूला ठेवून केला होता. ती धावत गेली, पासपोर्ट घेतला, तिथूनच विमानतळावर. दुपारच्या विमानाचं तिकीट मिळालं. या वेळी काउंटरवर कुणी अडवलं नाही.

विमानात बसायच्या रांगेत ती उभी असताना मालकिणीच्या नवऱ्याचा फोन आला. तो रडत होता, म्हणून तिला लगेच कळलं.

तिने मला त्या रांगेतूनच फोन केला. "आई, दादा गेला," म्हणाली. "मी विमानात चढतेय."

पाच दिवसांनी ती त्याला घेऊन मुंबईला उतरली आणि शववाहिकेतून पुढे चालकाशेजारी बसून राहुरीला आली. पेटी उघडू नका असं सांगितलं होतं. यजमानांनी ऐकलं नाही. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

दहावं, तेरावं झालं. पाहुणे पांगले. एका दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो, तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली. आयर्लंडला उतरल्यावर तपासणीच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने तिचा व्हिसा बघून विचारलं, कशासाठी आलात? व्हिसा आजारी भावाला भेटण्यासाठी दिलेला होता. आणि भाऊ तर तीन तासांपूर्वी गेला होता.

"मला वाटलं आई, खरं सांगितलं तर हा म्हणेल, कारणच उरलं नाही, परत जा. चार दिवसांत मी इतके नियम वाचले होते की मला काहीही खरं वाटत होतं." ती हातातला तांब्या पुसतच राहिली. "मी म्हटलं, माझा भाऊ इस्पितळात आहे. तो म्हणाला, लवकर बरा होवो. आणि शिक्का मारला. मी त्याला थँक यू म्हटलं."

मी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला. दिवाळीत बोललेलं माझ्या छातीत तसंच अडकून होतं. म्हणाले, "मी तुला नाही नाही ते बोलले. मला माफ कर."

तिने पुढचं भांडं पुसायला घेतलं. मग म्हणाली, "तू अगदीच चुकीचं नव्हतीस बोलली. व्हिसा मिळाला नाही असं झालंच नाही कधी. आम्ही मागितलाच नाही. एवढे कागद, एवढी सुट्टी. मी म्हणायची पुढच्या उन्हाळ्यात, दादा म्हणायचा, गायी व्यायच्या आहेत, नंतर बघू. दर वेळी वाटायचं, दोन तासांवर तर आहे."

कुकरची शिट्टी झाली, तिने उठून गॅस बारीक केला.

अठराव्या दिवशी ती परत गेली. तिची रजा संपली होती, आणि निवासातली म्हातारी माणसं तिची वाट बघत होती.

पावसाळ्यात आम्ही दोघांनी पासपोर्टचा अर्ज केला. चौकशीला पोलीस ठाण्यातून एक हवालदार घरी आले. तरुण होते, बोलायला चांगले. कागद बघत त्यांनी सहज विचारलं, "कुटं जायचंय म्हनायचं, काका?"

यजमान म्हणाले, "कुठे नाही. जवळ असू द्या."

हवालदारांनी मान हलवली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.