वाडीच्या भिंतीवर रवीला हसवणाऱ्या शालिनीताई

शालिनीताई धकाते यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. प्रताप नगरात आमच्या फाटकासमोर त्यांनी बांबूच्या कामट्यांचा ढीग टाकला होता. मी तणतणत गेलो. "काहून भांडून राहिले भाऊ? आधी हे टोक धरा!" म्हणत त्यांनी एक कामटी माझ्या हाती दिली. मी निवृत्त कारकून. टोक धरलं ते धरलंच. आज ताई पंच्याहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत आणि मी अजूनही त्यांचा बिनपगारी मदतनीस आहे.

विणकर घरातल्या ताईंनी शाळेत चित्रकला शिकवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीसाठी त्या दरवर्षी बडग्या करतात. बडग्या म्हणजे गावाला छळणाऱ्या गोष्टीचा पुतळा. मिरवायचा, शिव्या घालायच्या आणि जाळायचा.

एका वर्षी शहरालगतच्या वाडी भागातल्या गोदामात दोघांचं भांडण सोडवायला गेलेला रवी हा तरुण हमाल देशी कट्ट्याच्या, म्हणजे गावठी पिस्तुलाच्या, गोळीने गेला. रवीच्या वस्तीतली पोरं पेटली. गोळी घालणाऱ्याचा फोटो घेऊन ती ताईंकडे आली. "ताई, हुबेहूब हेच तोंड पाहिजे. चौकात जाळतो!" त्या माणसाची बायको-लेकरं त्याच वस्तीत राहत होती. ताई म्हणाल्या, "आधी रवीच्या आईले विचारून येते."

आम्ही दोघं गेलो. रवीच्या आई, कमलाबाई, दारातच बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "त्याचं तोंड काहून बनवता ताई? सारे लोक त्यालेच पाहतीन. माह्या रवीले कोण पाहीन?" ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, लपवत नाही.

मग बडग्या झाला नुसत्या कट्ट्याचा, माणसापेक्षा उंच, बिनचेहऱ्याचा. पोरं आधी रुसली, मग त्यांनीच तो खांद्यावर घेतला. इकडे गोदामाच्या मालकाच्या मागे लागून ताईंनी त्याच्या भिंतीवर रवी रंगवला, हात पसरून भांडणाच्या मध्ये उभा. मी म्हटलं, वा! कमलाबाई म्हणाल्या, "असा नव्हता वं ताई तो. भांडण सोडवतानाबी हासे." एवढ्या नावाजलेल्या ताई, पण हूं की चूं न करता त्यांनी चेहरा खरडून काढला. पुन्हा पुन्हा नव्याने रंगवला. शेवटी कमलाबाई म्हणाल्या, "आता कसा दिसून राहिला माहा पोरगा!"

आता तिथे ट्रकवाले हातघाईवर आले की कुणीतरी ओरडतं, "रवी पाहून राहिला गा!" भांडण दर वेळी थांबतंच असं नाही, पण एखादा वरमतो. गोळी घालणाऱ्याच्या मुलीला ताई आजही चित्रकला शिकवतात. त्याचा गाजावाजा त्यांना खपत नाही, म्हणून इतकंच पुरे.

ताई, आपणांस निरोगी दीर्घायुष्य लाभो, असं लिहून मी लेख संपवणार होतो. पण परवा कमलाबाईंकडे शुभेच्छा मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "आपल्या इथलं ऊन तुम्हाले माहीत आहे भाऊ. दर उन्हाळ्यात रवीचं तोंड फिकं पडते. ताईच येऊन रंग देतात. दुसऱ्याच्या हातानं तो हासत नाही. त्यांले सांगा, मी हाय तोपर्यंत तुम्हाले राहावंच लागन."