काळे कल्ले

ऐंशीच्या दशकात मी कला महाविद्यालयात फोटोग्राफीचं पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. परीक्षेच्या फोटोंसाठी मुलुंडच्या बाजारातली एक मासेवाली निवडली. तिचं नाव कधी विचारलं नाही. कॅमेरा दिसला की ती आधी पापलेटांवर पाणी शिंपडायची, मग पदर सारखा करायची.

ब्लॅक अँड व्हाइट फोटो दाखवला, तर ती किंचाळलीच. "मेल्या, ताज्या माशांचे लाल कल्ले काळे केलेस! माझं गिऱ्हाईक तुटेल. दाखवू नको कुणाला!"

मी हसलो.

बाहेरून आलेले परीक्षक मालवणचे निघाले. फोटोसमोर बराच वेळ थांबले. मी छायाप्रकाशावर बोलणार, इतक्यात त्यांनी हळूच विचारलं, "मासे शिळे होते काय रे?"

छायाप्रकाश राहिला बाजूला. मी ओरडलोच, "नाही हो सर! ती बाई शिळं विकत नाही!"