लुक्राचं दार आणि बेपोचं जाळं

जाळ्याचं भोक बघून लुक्रा सांगायची, हे कुणी फाडलं. दीपगृहाखालच्या खडकाने फाडलं असेल तर चीर लांबट. डॉल्फिनने फाडलं असेल तर कडा चावून टाकलेल्या. आणि कोळ्याने आदल्या संध्याकाळी वाईन जरा जास्तच घेतली असेल, तर भोक भलत्याच जागी, काही कारण नसताना. मग ती सुई खाली ठेवायची, चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, "खडकाचं नाव सांगतोस, की बायकोला विचारू?"

बेटावरच्या अठरा बोटींची जाळी तीच सांधायची. वय अडुसष्ट, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. गुडघे कुरकुरत, पण बोटं कधी कुरकुरली नाहीत. अंजिरं कधी उतरवायची, कुणाची पोरगी कुणाला द्यायची, पाद्रीबाबांनी प्रवचन कुठे थांबवायला हवं होतं, हे सगळं ती न विचारता सांगायची. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा बरोबर सांगायची. म्हणून तर लोक तिच्यावर चिडायचे.

अशा बाईची एका वीतभर मांजराने पंचाईत केली.

जूनमध्ये तिची भाची मारियेता पावाच्या टोपलीत एक करडं पिल्लू घालून घेऊन आली. "आत्या, बोका जाऊन तीन वर्षं झाली आता. घर कसं ओकंबोकं दिसतं."

"ओकंबोकं नाही, स्वच्छ दिसतं," लुक्रा म्हणाली. "उचल ते आणि घेऊन जा."

पण पिल्लू तोवर तिच्या मांडीवर चढून सुताच्या रिळाशी झोंबत होतं. नवं मांजर घराला धरून राहावं म्हणून त्याला टेबलाच्या पायाभोवती तीनदा फिरवतात, तसं तिने फिरवलं. नाव लिपा ठेवलं. आणि दाराला कडी घातली.

ती कडी ऑगस्ट आला तरी निघाली नाही.

या बेटावर मांजराला कुणी कोंडत नाही. मांजर घराचं असतं तेवढंच धक्क्याचं असतं. सकाळी बोटी आल्या की तिथं हजर, दुपारी कुणाच्या तरी भिंतीच्या सावलीत, रात्री पुन्हा आपल्या दारात. लुक्राची लिपा मात्र दिवसभर खिडकीच्या जाळीला नाक लावून बसायची. खाली बोटी लागल्या, सार्डिनचा वास वर आला, की अशी रडायची की गल्लीत लोक मान वर करून बघायचे.

"काय गं लुक्रे, मांजर पाळलंयस की नवरा?" समोरची दिन्का कपडे वाळत घालता घालता म्हणायची. "सोड की तिला."

"तुझा मोकळा सोडलायस ना, मग बघतेच आहे मी काय दिवे लावतोय ते."

दिन्का हसायची. तोंडाने लुक्राला कुणी हरवलं नव्हतं. पण खिडकी लावून घेतली की तिचा चेहरा उतरायचा, कारण दिन्काचं म्हणणं बरोबर आहे हे तिला कळत होतं. सोडायची तर हवीच. पण सोडायची कशी?

तीन वर्षांपूर्वी तिचा गारो होता, काळाकुळकुळीत बोका, नऊ वर्षं तिच्या पायाशी झोपलेला. एका संध्याकाळी तिने बेपो कोळ्याचं जाळं सांधून पेटीत रचलं, उन्हाने तडकू नये म्हणून वर ओलं गोणपाट टाकलं आणि घरी येऊन बटाटे सोलायला घेतले. गारो पेटीत शिरून त्या गारव्यात झोपला होता. नखं जाळ्यात अडकलेली. अंधार पडताना बेपोने पेटी बोटीवर चढवली, खाडीच्या तोंडाशी जाऊन जाळं सोडलं. सकाळी मासळीबरोबर गारो वर आला.

बेपोने त्याला आपल्या सदऱ्यात गुंडाळून आणलं आणि तिच्या दारात उभा राहिला. तिने गारोला सदऱ्यासकट घेतलं. गोणपाट तिने टाकलं होतं, पेटी त्याने उचलली होती. यात बोलणार काय?

पण त्याच्यापुढचं तिला जास्त लागलं. त्या दिवसापासून बेपो रोज संध्याकाळी पेटी धक्क्यावर पालथी करायचा आणि तिने सांधलेलं जाळं हात-हात करत शेवटपर्यंत तपासायचा. तेही सगळ्यांदेखत! ज्या बाईकडून जाळं सांधून घ्यायचं, तिच्या समोर ते धक्क्यावर उलगडायचं म्हणजे, 'बाई, तुझे डोळे गेले, आता घरी बस' असं चारचौघांत सांगणं. चाळीस वर्षांत तिची एक गाठ सुटली नव्हती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला जाळ्यासकट पाण्यात ढकललं असतं. बेपोला ती काही बोलली नाही, कारण बोलायला गेलं की गारो मध्ये यायचा. तिने त्याच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं आणि राग मनात ठेवला.

शेवटी एका सोमवारी लिपाने खिडकीची जाळी दातांनी कुरतडली. लुक्राने ते भोक पाहिलं आणि तिला एकदम स्वतःचीच लाज वाटली. भोक कुणी आणि का पाडलं, हे तिला सांगायची गरज नव्हती.

"चल," ती म्हणाली. "आज जायचं."

जाळ्याची दोरी लिपाच्या गळ्यात बांधून ती धक्क्यावर उतरली, तेव्हा लोक हसून हसून बेजार झाले. लुक्रा ताठ मानेने चालली. पण दोरी तिचीच आणि गाठ तिचीच असली तरी मांजराची मान लवचिक. ती दिन्काशी दोन शब्द बोलेपर्यंत हातात नुसती दोरी उरली.

तिने बोटींमागे पाहिलं, मासळीच्या टोपल्यांत पाहिलं. दिवस कलत होता. जाळ्यांच्या पेट्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर ओलं गोणपाट. पहिली बोट सुरूही झाली.

"थांबव ती!" तिने असा आवाज दिला की त्या बोटीचा तरुण तांडेल घाबरून इंजिन बंदच करून बसला. मग ती पेट्या उपसायला लागली. एक, दोन, तीन. चौथी बेपोची. ती त्याने आधीच पालथी केली होती आणि गुडघ्यांवर बसून रोजच्यासारखा हात-हात जाळं चाचपत होता.

तिचा तोल सुटला. "झालं का बघून? सापडली का सुटलेली गाठ? तीन वर्षं शोधतोयस, एक तरी दाखव मला!"

बेपोने मान वर केली. त्याला खरंच काही कळलं नव्हतं.

"गाठ?" तो म्हणाला. "लुक्रे, तुझ्या गाठी मी जन्मात कधी बघितल्या नाहीत. मी मांजर बघतो."

तिने हातातलं गोणपाट खाली ठेवलं.

"रोज?"

"रोज. एकदा माझ्या हातून झालं तेवढं बास." त्याने पुन्हा खाली बघितलं. "तुझी करडी आमच्या बोटीवर आहे. माशाचं डोकं खातेय. ती आल्याबरोबरच मला दिसली, तरी म्हटलं शेवटपर्यंत चाचपावं."

लुक्राने बोटीकडे पाहिलं. लिपा इंजिनाच्या झाकणावर बसून अख्खं डोकं पंजात धरून होती, तिला कुणाची पर्वा नव्हती. लुक्राने डोळे पुसले, उघड उघड, सगळ्यांसमोर. मग धक्क्याकडे वळून आवाज चढवला.

"ऐका रे सगळ्यांनी. उद्यापासून जो पेटी पालथी न करता निघेल, त्याचं जाळं त्याच्या बायकोने सांधायचं. मी हात लावणार नाही."

"आणि तुझ्या गाठी चुकीच्या निघाल्या तर?" मागून कुणीतरी म्हणालं.

"निघाल्या तर सुई तुला देईन. शीक मग."

दोघातिघांनी लगेच आपापल्या पेट्या पालथ्या केल्या. बायकोने सांधलेलं जाळं कुणालाच नको होतं.

लिपाला तिने उचललं नाही. ती जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, कुरकुरणारे गुडघे टेकून बसली आणि तिकडून चाचपत यायला लागली. बेपो इकडून येत होता. मध्यावर त्यांचे हात जवळ आले. जाळ्यात काही नव्हतं.

"गारोला गुंडाळलेल्या त्या सदऱ्याचं काय केलंस?" त्याने विचारलं.

"त्याच्याबरोबरच पुरला. अंजिराखाली." ती उठली, गुडघे झाडले. "नवा शिवून द्यायचा राहिला माझ्याकडून. माप दे."

घरी जाऊन तिने कडी काढली ती काढलीच. लिपा अंधार पडल्यावर आली, माशाच्या वासाने भरलेली, आणि पायाशी झोपली.