काळ्या खिडकीतलं ‘नाही’

आमचे भावोजी एका छापखान्यातले कॉम्प्युटर सांभाळतात. तिथे सगळे त्यांना ‘काळी खिडकी’ म्हणतात आणि त्यांना तो चक्क मान वाटतो. माऊस हातात धरणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. वेबवर काही शोधायचं तर ते पडद्यावर एक काळी खिडकी उघडतात, ‘शोध’ असं टाइप करून पुढे शब्द लिहितात, की खाली दहा ओळी उमटतात. चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत. ही एवढीशी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने काय काय करायचं त्या हुकमांची यादी, त्यांची स्वतःची. पाहुण्याचा चहा संपायच्या आत ती दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी तर मेहुणी, मला ती किती वेळा बघावी लागली असेल ते विचारूच नका.

माझी ताई गिटार, व्हायोलिन असल्या वाद्यांच्या खोळी शिवते. कारखान्यातली नोकरी सोडून तिने जाड कापड शिवणारं मशीन घेतलं आणि खोळींचे फोटो लावून वेबवर आपलं पान उघडलं. पान चाललं तर धंदा, नाहीतर मुकाट्याने पुन्हा कारखाना.

पान लोकांना सापडतंय का, हे तिने विचारलं कुणाला? नवऱ्याला! भावोजी रोज सकाळी तोंडात ब्रश धरून टाइप करायचे आणि निकाल द्यायचे, “नाही.”

वर अक्कलही पाजळायचे. ती पानावर फोन नंबर टाकायला निघाली तर म्हणाले, “आधी दिसायला तर लागू दे! आत्तापासून नंबर कशाला?”

ताईने ऐकलं. ती सगळंच ऐकायची, माझा संताप व्हायचा. शेवटी तिने मशीन विकायची चिठ्ठी कोपऱ्यावरच्या दुकानात लावली.

मशीन बघायला पलीकडच्या गल्लीतली शिंपीण आली. भिंतीवरच्या खोळी पाहून ती दारातच थबकली.

“अगं बाई, या तुझ्या होय? लोक फोनवर हेच फोटो दाखवतात, म्हणतात अशी शिवून द्या. पानावर नंबर नाही, मग येतात माझ्याकडे. म्हणून तर मला हे मशीन हवंय.”

मी फोनवर शोधलं. ताईचं पान सगळ्यात वर. भावोजींनी तोऱ्यात काळी खिडकी उघडली. तिथे काहीच नाही.

“तुमचे फोन काय, काहीही दाखवतात,” ते म्हणाले.

ताई त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. “अहो, त्या स्क्रिप्टमध्ये काय लिहिलंय ते जरा वाचून दाखवा.”

सुरुवात खणखणीत झाली. शब्द घे, शोध, चित्रं गाळ. पुढची ओळ त्यांनी पुटपुटतच वाचली. ज्या पानावर काही विकायला ठेवलंय, ते फेकून दे.

“हे कुणी लिहिलं?” ताईने विचारलं.

“मीच. कचरा नको म्हणून.” मग घसा खाकरून म्हणाले, “पण स्क्रिप्ट बरोबर चालतेय हं. सांगितलं तेवढंच तिने केलं.”

खरंच होतं ते. त्या घरात तोवर ताईनेही तेच केलं होतं.

“मशीन विकायचं नाहीये,” ताई शिंपिणीला म्हणाली. मग माझ्या हातातला फोन घेतला आणि भावोजींकडे न बघता पानावर आपला नंबर टाकला.