कानाचा निकाल

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या त्या दुकानात त्यांना सगळे ‘कान’ म्हणत, आणि ते नाव ते पदवीसारखं मिरवत. बंद केबिनेटला कान लावून आतला कुठला पंखा बिघडणार हे सांगायचे, आणि तो पंधरा दिवसांत बिघडायचाच. नवा माल आला की मालक एवढंच विचारायचे, “कान काय म्हणतो?” कानांनी वहीत होकार लिहिला तर माल घ्यायचा, नाहीतर परत.

गेल्या वर्षी त्यांनीच शब्द टाकून धाकट्या साडूला दुकानात चिकटवलं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, आता सांगणार कुणाला? माणूस हसतमुख, कामाला वाघ. मालक हल्ली त्यालाही विचारू लागले, “तुझं काय मत?” सासूबाईंना तर धाकट्या जावयापुढे कुणी दिसतच नव्हतं. कान त्याला पाण्यात पाहू लागले.

आणि आता त्यानेच हा टॉवर कूलर आणला. प्रोसेसर थंड ठेवायला म्हणे! वीतभर उंच, किलोभर वजन, वर दोन पंखे.

“कॉम्प्युटर जोडतोयस की इमारत बांधतोयस?” कानांनी विचारलं. साडू नुसता हसला. तो हसला की यांच्या नाकाला मिरच्या झोंबत.

केबिनेटचं दार लागणार नाही, ही कानांची पहिली आशा. पण साडूने रुंद केबिनेट आधीच मापून ठेवलं होतं. पंखा रॅमच्या पट्ट्यांवर अडेल म्हणावं, तर त्याने तो क्लिपसकट वर सरकवला. मग प्रोसेसरवर तासभर पूर्ण भार टाकला. जुना कूलर नव्वद अंशांना टेकायचा. हा अडुसष्टावर ठाण मांडून बसला. कानांचा जीव जळत होता, आकडा मात्र वाढत नव्हता.

उरला आवाज. तिथे त्यांचं राज्य. एवढ्या धुडात कुठेतरी कुरकुर असणारच! दार काढून, डोळे मिटून त्यांनी कान जवळ नेला. हवेची सळसळ, बाकी काही नाही. दुसरा कान लावला, तरी तेच. खोटं लिहावं असं मनात आलं नाही असं नाही, पण त्या वहीत खोटं लिहायला हात धजेना. शेवटी चरफडत लिहिलं, “आवाज नाही. घ्यायला हरकत नाही.”

साडूने ते वाचलं. “दादा, नक्की?”

“का? माझ्या कानावर भरवसा नाही?”

“तसं नाही,” तो म्हणाला.

तेवढ्यात कानांची बायको त्यांचा विसरलेला डबा घेऊन आली. दारातूनच म्हणाली, “काय हो, हे सारखं टिकटिक काय वाजतंय?”

“माझ्या टेबलावरचं, ताई. बंद करतो,” साडू घाईने म्हणाला.

त्याच्या टेबलावर काहीच चालू नव्हतं. त्याने कूलरपाशी वाकून पंख्याच्या पात्याला लागणारी वायर हळूच बाजूला सारली.

“हां, थांबलं,” बायको म्हणाली.

कानांना ती टिकटिक मघाशी ऐकू आली नव्हती, आणि आता थांबलेलीही कळली नाही.

मालक आतून आले. “काय, कान काय म्हणतो?”

“आवाज नाही म्हणतात,” साडूने वही पुढे केली. “त्यांनी म्हटलं म्हणजे झालं.”

मालकांनी मान डोलावली. साडूने वर्षभरात प्रथमच त्यांची अब्रू झाकली होती, आणि कानांना तो आजच्याइतका नकोसा कधीच झाला नव्हता.